मधे पोरं निजली आहेत

त्या देशात वारा होता, आणि वाऱ्यातून जे वाचेल ते होतं. झाड म्हणावं असं एकही झाड नव्हतं. अर्धं वर्ष सूर्य जमिनीला चिकटून फिरे, मावळायचं नाव घेत नसे. उरलेलं अर्धं वर्ष तो तोंड दाखवत नसे. दुपारी तेवढी क्षितिजावर उजेडाची एक फट पडे आणि मिटून जाई. त्या काळोख्या दिवसांत वारा सुटायचा. एकदा सुटला की तो थांबत नसे, आणि एकट्यादुकट्या जनावराला तो उभ्याउभ्या संपवून टाकी.

अशा त्या देशात झूलवाले राहत. अंगानं बैलासारखे, पण लोकर थेट जमिनीपर्यंत लोंबलेली, सणाच्या बैलावर झूल टाकावी तशी, म्हणून झूलवाले. वाऱ्याशी कसं वागायचं हे त्यांच्या वाडवडिलांनी ठरवून ठेवलं होतं. वारा सुटला की सगळ्यांनी मिळून ठरलेल्या जागी रिंगण करायचं. तोंडं बाहेर, पाठी आत, खांद्याला खांदा. मधल्या उबेत पोरं निजवायची. कडेला उभं राहील त्यानं काही काळ वारा झेलायचा, मग आतल्यांनी बाहेर यायचं आणि बाहेरच्यांनी आत जायचं. याला ते पाळी म्हणत. पाळी चुकवणाऱ्याशी कोणी बोलत नसे. चांगला रिवाज होता, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि म्हणूनच पुढं जे झालं त्याचा संताप येतो.

पुढं झूलवाले कमी होत गेले. का कमी झाले, ते कोणी बोलेना. रिंगण विरळ पडलं, खांद्याला खांदा लागेना, फटीफटींतून वारा आत शिरू लागला. तेव्हा त्यांच्यातल्या थोरल्यांनी, शिशिररावांनी, रानबदकांना बोलावून घेतलं. ही बदकं दर हिवाळ्याच्या तोंडाशी दक्षिणेला जात आणि बर्फ वितळलं की परत येत. शिशिरराव त्यांना म्हणाले, "खालच्या मुलखात सांगा. इथं चारा भरपूर आहे आणि खाणारी तोंडं थोडी. ज्याला यायचं असेल त्यानं खुशाल यावं. आमच्या रिंगणात जागा आहे."

आमच्या रिंगणात जागा आहे, हे शब्द त्यांचेच. बदकांनी पदरचं काही घातलं नव्हतं. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं ते खुद्द शिशिररावांच्याही ध्यानात राहिलं नाही.

खालच्या मुलखात तेव्हा तळी आटत चालली होती. एका तळ्यात झुंबरी नावाची म्हैस होती. पाणी गेलं, तेव्हा ती चिखलात बसली. चिखलाला भेगा पडल्या, तेव्हा ती त्या भेगांवर बसली. मग बदकं आली, बोलली, आणि झुंबरी उठली. वाट लांबची होती. वाटेत काय काय झालं ते सांगत बसत नाही. पोचली, एवढं पुरे. तिच्याआधीही काही आले होते, आणि तिच्यासोबत आणखी कितीतरी जण पोचले. त्यांत ठकू शेळी होती, काखेतल्या मुलासारखं एक करडू सतत पोटाशी घेऊन चालणारी. भिवा गाढव होता. कोणाचं कुरण गेलं होतं, कोणाचा मालक.

शिशिररावांनी सगळ्यांना एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर बघितलं. मग ते शेजारी उभ्या असलेल्या दहिवरबाईंना म्हणाले, "केस फार आखूड आहेत."

आलेल्यांना रीतभात शिकवायचं काम या दहिवरबाईंकडे दिलं होतं. बाई वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण बाई वाईट असत्या तर सगळं सोपं झालं असतं. त्यांचा आवाज मऊ होता, आणि प्रत्येकाचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी पाठ केलं.

"तुम्ही नवे आहात," बाई म्हणाल्या. "रिंगणाची रीत कळेपर्यंत तुम्ही कडेला उभं राहायचं. रीत कळली की तुमचीही पाळी येईल."

"रीत कळायला किती दिवस लागतात?" ठकूनं विचारलं.

"ते ज्याच्या त्याच्यावर आहे, ठकूबाई."

मग त्यांनी रीत सांगितली. तोंड वाऱ्याकडे ठेवायचं. कडेच्यानं मागं वळून बघायचं नाही. एकानं मान वळवली की रिंगण फुटतं. आणि काही झालं तरी आवाज करायचा नाही. "मधे पोरं निजली आहेत," बाई म्हणाल्या.

बाकीच्या गोष्टींवर थोडी कुजबुज झाली. या शेवटच्या गोष्टीवर झाली नाही. पोरं निजली आहेत म्हटल्यावर कोण आवाज करील? ज्यांनी पोरं वाढवली आहेत, त्यांना हे दोनदा सांगावं लागत नाही. झुंबरीला तर उलट बरं वाटलं. जिथं पोरं सुखानं निजतात, तो देश चांगलाच असणार, असं तिच्या मनात आलं.

वारा सुटला. झुंबरी कडेला उभी राहिली. म्हशीचं अंग ते, केस नावाला. त्या वाऱ्यात तिची कातडी ताडताड वाजे. पापण्यांवर बर्फ धरे, नाकातल्या वाफेचे खडे होत. पहिल्या महिन्यातच तिच्या कानांची टोकं गळाली. पाठीमागं मात्र दहिवरबाईंची लोकर तिच्या पुठ्ठ्यांना घासत असे, आणि तिथून उबेचा वास येई. त्या वासावर झुंबरीनं दिवस काढले. या लोकरीच्या मागं आणखी लोकर, तिच्यामागं आणखी, आणि सगळ्यांच्या मधे एकमेकांच्या पोटांत नाकं खुपसून पडलेली पोरं, असं चित्र ती डोळ्यांपुढं आणी. आपण इथं उभ्या आहोत म्हणून ती तिथं निजली आहेत, असं स्वतःला सांगी. कष्टाला कारण असलं की कष्ट सोसतात.

झुंबरीच्या उजव्या हाताला ठकू होती. तिचं करडू तिच्या पोटाखाली उभं असे. एक दिवस ते उभं राहीना. ठकूनं मागच्या झूलवाल्याला हळूच विचारलं, "दादा, हे जरा आत सरकवू का? एवढंसं आहे. कुठंही मावेल."

झूलवाल्यानं शेजारच्याला सांगितलं, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. निरोप फिरत फिरत शिशिररावांपर्यंत गेला आणि तसाच फिरत परत आला. जागा नाही. मधे पोरं निजली आहेत.

ठकूनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं. करडू दुपारच्या उजेडाच्या फटीत गेलं. फार तडफडलं नाही, नुसते पाय लांब केले. ठकूनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं, आणि तेव्हा शेजारून झुंबरी म्हणाली, "ठकूआक्का, पोरं उठतील."

ठकूनं तोंड मिटलं. झुंबरीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, वाऱ्याकडे बघत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. दुसऱ्यांची पोरं उठू नयेत म्हणून एक आई आपल्या पोरासाठी रडली नाही, आणि रिंगणातल्या कोणालाही त्याची लाज वाटली नाही. उलट दुसऱ्या दिवशी दहिवरबाई मागून म्हणाल्या, "ठकूबाई फार छान वागल्या हं."

उन्हाळ्यात वारा पडला. झूलवाले रिंगण मोडून नदी ओलांडून गेले. पलीकडचं कुरण त्यांचं. पाहुण्यांनी अलीकडे चरायचं, अशी रीत होती. वर्षातून एकदा मात्र ते नदीकाठी येत आणि आलेल्यांचं स्वागत करत. येऊन वर्ष झालेल्यांचंही स्वागत, दहा वर्षं झालेल्यांचंही स्वागत. शेवाळाचे हार गळ्यात घातले जात. शिशिरराव भाषण करत. "तुम्ही आमचेच आहात," ते म्हणत, आणि हे म्हणताना ते नदीच्या पलीकडच्या काठावर उभे असत. भाषण संपायच्या आत ठकूनं आपला हार खाऊन टाकला. निदान तेवढा तरी तिच्या अंगी लागला.

"बाई, तुमची पोरं नाही आली स्वागताला?" भिवानं भोळेपणानं विचारलं.

दहिवरबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. "ती टेकडीपलीकडे चरताहेत," त्या म्हणाल्या. "नव्यांना बुजतात."

मागं उभ्या असलेल्या झूलवाल्यांत कुरकुर चालू होती. आयत्या बिळावर नागोबा आलेत, असं एक जण म्हणाला. यांच्यामुळे पाळीची चाल बुडाली, असं दुसरा म्हणाला. बघा आता. आपण बोलवायचं, बोलावून उंबऱ्यावर उभं करायचं, आणि वर म्हणायचं की यांनी उंबरा अडवला. पाळी बुडवली कोणी? कडेला उभं राहणाऱ्यांनी की आत जाऊन पुन्हा बाहेर न येणाऱ्यांनी? पण हे विचारायचं कोणी, आणि विचारलं तर कोणत्या तोंडानं? पाहुण्याच्या तोंडी प्रश्न शोभत नाही, असाही त्या देशात एक समज होता.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी झुंबरी गाभण राहिली होती. दिवसांचा हिशेब तिला कळत होता: वारा ऐन भरात असेल तेव्हा ती विणार. ठकूचं करडू तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ते तर पायांवर चालत आलेलं, चांगलं खुटखुटीत होतं. ओलं, नुकतं जन्मलेलं रेडकू त्या कडेला किती टिकणार? तेवढ्यापुरतं मधे जायला मिळालं पाहिजे, बास. झुंबरीला आणखी काही नको होतं.

म्हणून ती शिकली. दहिवरबाई नदीपलीकडून जे सांगत ते सगळं शिकली. रवंथ करताना आवाज होऊ द्यायचा नाही. थोरले दिसले की मान खाली घालायची. वारा सुटला की आधी वाऱ्याचे आभार मानायचे. झूलवाले चिखलात लोळत नाहीत, असं बाई म्हणाल्या, तर झुंबरीनं चिखलाकडे बघणं सोडलं. म्हशीनं चिखल सोडला. आता आणखी काय सोडायचं राहिलं, ते तुम्हीच सांगा.

भिवा तिची चेष्टा करी. "अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं सगळे म्हणतात. इथं गाढवच अडलंय, आता मी कोणाचे धरू?" झुंबरी हसत असे, आणि पुन्हा बिनआवाजाची रवंथ करू लागे.

उन्हाळा सरताना बाई म्हणाल्या, "झुंबरी, तू आता जवळजवळ आमच्यातलीच झालीस."

"जवळजवळ म्हणजे किती लांब, बाई?"

"केस तेवढे वाढू देत," त्या म्हणाल्या. मग त्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुझ्या वेळेला मी थोरल्यांकडे शब्द टाकीन."

झुंबरीनं तो शब्द धरून ठेवला.

वारा सुटला. रिंगण झालं. पाहुणे कडेला गेले, झूलवाले आत गेले, कोणालाही सांगावं लागलं नाही. झुंबरीच्या पाठीमागं दहिवरबाईच आल्या, आणि झुंबरीला वाटलं, बरं झालं, शब्द टाकणारी आपल्या पाठीशीच आहे. पोटातलं रेडकू ढुशा देत होतं. ती त्याला मनातल्या मनात म्हणे, थांब, आत गेल्यावर ये.

ते थांबलं नाही. एका दुपारी, आभाळाच्या कडेला उजेडाची फट पडली असताना, झुंबरीच्या पोटात कळ आली. पाठोपाठ दुसरी आली. त्या दिवशीचा वारा असा होता की कडेचे दोन रेडे आदल्या दिवशीच गुडघ्यांवर आले होते.

"बाई," झुंबरी तोंड वाऱ्याकडेच ठेवून म्हणाली, "माझे दिवस भरले. मला आत घ्या."

निरोप गेला. तोंडातोंडी फिरला. परत आला.

"झुंबरी," मागून बाईंचा मऊ आवाज आला, "थोरले म्हणतात, थोडं सोस. मधे जागा नाही. पोरं निजली आहेत."

"बाई, तुम्ही शब्द टाकणार होता."

"टाकला गं."

"मग?"

"तू समजूतदार आहेस," बाई म्हणाल्या.

समजूतदार हा शब्द कोणाला लावतात ते कधी बघा. ज्याला काही द्यायचं नसतं त्याला लावतात. झुंबरीला इतके दिवस तो शब्द गोड वाटायचा. आज तो तिच्या कानांत गेला आणि डोक्यात तिडीक उठली. तरीही तिनं मान वळवली नाही. सवय फार वाईट.

"जरा दमानं घे," भिवा पलीकडून म्हणाला. "पुन्हा एकदा विचारू."

"कोणाला विचारायचं?" ठकू बोलली. गेल्या हिवाळ्यापासून ती कडेला उभी असताना एक अक्षर बोलली नव्हती. "मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. माझं एवढंसं होतं, तुझं तर केवढं असेल." मग तिनं मान झुंबरीकडे वळवली. "झुंबरे, त्या दिवशी तू मला गप्प केलंस. मी काही तुला गप्प करायची नाही. ओरड."

कळ आली, आणि झुंबरी रेकली.

म्हशीचं रेकणं ते. दोन हिवाळ्यांचं आत कोंडलेलं बाहेर पडलं. झूलवाल्यांच्या लोकरीतलं बर्फ झडलं, वाऱ्यालाही क्षणभर तो आवाज कापता आला नाही. "झुंबरी, पोरं," दहिवरबाई घाईनं म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या.

झुंबरी ऐकत राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटली होती; आता आत रडारड सुरू होणार, कोणाची तरी आई कोणाला तरी उगी उगी करणार, आणि आपल्याला बोल लागणार, म्हणून कान टवकारून उभी राहिली. आत कोणी रडलं नाही. कोणी कूससुद्धा बदलली नाही. कोणी कोणाला थोपटलं नाही. एवढ्या आवाजानं मेलेलं जागं झालं असतं, आणि मधे नुसती शांतता. निजलेली पोरं अशी निजत नाहीत. हे कळायला कोणाचा धडा लागत नाही.

झुंबरी मागं वळली.

"नको," दहिवरबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता, गयावया करणारा होता. "झुंबरी, ऐक माझं. बघू नकोस."

झुंबरीनं डोकं खाली घातलं आणि दहिवरबाई आणि त्यांच्या शेजाऱ्याच्या मधे घुसवलं. पुढं लोकरीच्या आणखी रांगा असणार, म्हणून तिनं अंगातला सगळा जोर लावला होता. तो जोर वायाच गेला. एक रांग ओलांडली आणि ती तोल जाऊन पुढं धडपडली, कारण पुढं कोणीच नव्हतं.

झूलवाल्यांची एकच रांग होती. तिच्यामागं मैदान होतं.

एवढं मोठं मैदान की पलीकडच्या बाजूचे झूलवाले मुठीएवढे दिसत होते. सगळ्यांच्या पाठी मैदानाकडे, तोंडं बाहेर. वारा इथं नव्हता. बर्फ मऊ, जिथं पडलं तिथं पडलेलं. त्याखाली जमिनीत निजून निजून पडलेले लहान लहान खळगे होते, पोरांच्या अंगांचे, एकमेकांना लागून असलेले. खळगे बर्फानं जवळजवळ भरत आले होते. खुराचा एकही ठसा नव्हता. खालच्या मुलखातून आलेले सगळेच्या सगळे इथं मावले असते आणि वर आणखी तितकेच मावले असते.

"कुठं आहेत पोरं?" झुंबरीनं विचारलं.

दहिवरबाई मान न वळवता बोलल्या. "गेली. बदकांच्या मागोमाग. तिकडे ऊन आहे म्हणाली." मग त्या म्हणाल्या, "येतील ना. म्हणून तर त्यांच्या जागा राखल्या आहेत. आम्हीसुद्धा तिथं पाऊल टाकत नाही."

झुंबरीला त्या म्हातारीची कीव यायला हवी होती, असं कोणी म्हणेल. नाही आली. तिला राग आला, असा राग की कळासुद्धा क्षणभर कळल्या नाहीत. ज्या बदकांनी यांची पोरं नेली, त्याच बदकांच्या तोंडी यांनी आपल्याला बोलावणं धाडलं. आणि जी पोरं यांना सोडून गेली त्यांची झोप मोडू नये म्हणून आपण कान गाळले, जीभ चावली, चिखल सोडला, ठकूआक्काला आपण स्वतःच्या तोंडानं गप्प केलं. रिकाम्या जागेची राखण केली आपण. तिला हे सगळं बाईंच्या तोंडावर बोलायचं होतं, पण बाईंचं तोंड पलीकडे होतं आणि तिला कळ आली.

ती मैदानाच्या मधोमध गेली आणि बसली. तिथंच व्याली. रेडकू काळंभोर, ओलं, अंगातून वाफ निघणारं. झुंबरीनं त्याला चाटून चाटून कोरडं केलं.

झुंबरीनं पाडलेल्या फटीतून ठकू आत आली. तिनं कोणाला विचारलं नाही. ती हळूहळू चालत एका खळग्यापाशी गेली, त्यातल्या सगळ्यात लहान खळग्यापाशी, आणि वाकून बघत उभी राहिली.

"एवढीशी जागा लागली असती," ती म्हणाली.

आणि मग ती रडली. मागच्या हिवाळ्यात जे तोंडात अडवून ठेवलं होतं ते सगळं रडली, मोठ्यानं, बेंबीच्या देठापासून. झुंबरी रेडक्याला चाटता चाटता नुसती ऐकत राहिली.

फटीतून आता वारा आत येऊ लागला होता. भिवा फटीपाशी येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागं दुसरे, त्यांच्यामागं आणखी. त्यांनी आत पाहिलं आणि कोणाला काही सांगावं लागलं नाही. दहिवरबाई आपल्या जागी उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

मैदानाच्या पार पलीकडून शिशिररावांचा आवाज आला. त्यांचंही तोंड बाहेर होतं. इतकी वर्षं बाहेर बघून त्यांची मान तशीच झाली होती.

"काय गडबड आहे तिकडे?" ते म्हणाले. "फट बुजवा. सगळ्यांना सांगा, आपापल्या जागी उभे राहा. मधे जागा नाही. पोरं निजली आहेत."

शेजारच्यानं ते त्याच्या शेजारच्याला सांगितलं. निरोप नेहमीसारखा तोंडातोंडी रिंगणभर फिरू लागला. जागा नाही, जागा नाही. आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागं रेडकू चारी पाय फाकवून उठलं, कोलमडलं, पुन्हा उठलं, आणि आईला सोडून धावत सुटलं. बराच वेळ धावलं. त्याला कोणीच आडवं आलं नाही.